विजेच्या भट्टीत ग्लेझचे थर : दोन थर दिले, तरी एकच का दिसतो?



मागच्या पाठात आपण माती मळणं, चाकावर भांडं उचलणं आणि पहिली भाजणी इथपर्यंत आलो होतो. आज पुढचा भाग घेऊया. तो म्हणजे ग्लेझ. जुन्या पुस्तकांत याला झिलई म्हणतात, पण हाताने काम करणारे सगळे ग्लेझच म्हणतात, म्हणून आपणही तोच शब्द वापरू.

विषयाला एका प्रश्नापासून सुरुवात करतो. आमच्या धाटावच्या मुलांनी पहिल्यांदा विजेच्या भट्टीत भांडी भाजली तेव्हा प्रत्येक वाडग्यावर दोन-दोन ग्लेझ चढवली होती. खाली गडद, वर फिकट. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर सगळी भांडी गुळगुळीत आणि चकचकीत निघाली, अगदी न्हाणीघरातल्या टाइल्ससारखी. सातवीतली एक मुलगी वाडगा हातात फिरवत म्हणाली, "सर, थर दोन दिले, मग दिसतोय एकच का?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. आजचा पाठ म्हणजे तिला दिलेलं उशिराचं उत्तर आहे.

१. आधी घरातली बरणी बघा

आजीच्या फडताळातली लोणच्याची बरणी बाहेर काढा. वरचा भाग तपकिरी, खालचा भाग सायीच्या रंगाचा. आपण रोज बघतो, पण जिथे हे दोन रंग भेटतात ती रेषा कधी निरखून पाहिली आहे का? ती रंगाच्या डब्यातून ब्रशने ओढल्यासारखी सरळ नसते. कुठे तपकिरी थोडा खाली उतरलेला असतो, कुठे मधल्या पट्ट्यात तिसराच मधासारखा रंग तयार झालेला असतो.

आज आपल्याला हवा असलेला परिणाम म्हणजे हा तिसरा रंग. दोन ग्लेझ एकमेकांवर येतात, वितळतात, एकमेकांत थोडे शिरतात आणि दोघांत नसलेलं काहीतरी तयार होतं.

आपल्या शेजारच्या पेणमध्ये गणपतीच्या मूर्ती रंगवताना तुम्ही पाहिलं असेल. आधी पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग स्प्रेने सावली, शेवटी डोळे. तिथे प्रत्येक थर जिथे लावला तिथेच राहतो. ग्लेझचं तसं नाही. आपण लावतो ती ओल्या पिठासारखी भुकटी असते आणि तिची काच भट्टीत होते. म्हणजे रंगकामाचा अर्धा भाग आपण करतो आणि उरलेला अर्धा उष्णता करते. हा फरक लक्षात आला नाही तर पुढचं काहीच नीट जमत नाही.

२. ग्लेझ म्हणजे नेमकं काय?

ग्लेझ म्हणजे भांड्यावर चिकटून बसलेली पातळ काच. तिला तीन गोष्टी लागतात.

- काच करणारा घटक : सिलिका, म्हणजे गारगोटीची बारीक पूड. एकटी सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. एवढं आपल्या भट्टीला झेपत नाही.
- वितळवणारा घटक : सोडा, पोटॅश, कॅल्शियम, बोरॉन वगैरे. यांच्यामुळे सिलिका कमी तापमानाला वितळते.
- धरून ठेवणारा घटक : ॲल्युमिना. हा चिनीमातीतून आणि फेल्डस्पारमधून मिळतो. तो नसेल तर वितळलेली काच भांड्यावरून घरंगळून खाली जाईल.

यात रंग येतो धातूंच्या ऑक्साइडमुळे. लोहाने मधासारखा, तपकिरी किंवा काळा, कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा, मँगनीजने जांभळट तपकिरी.

३. विजेची भट्टी आणि जाळाची भट्टी

कुंभाराचा आवा किंवा लाकडाची भट्टी पेटते तेव्हा आत ज्वाळा, राख आणि धूर फिरत असतो. हवा कमी पडली की ज्वाळा ग्लेझमधल्या धातूंतला ऑक्सिजन ओढून घेते. त्यामुळे तांबं लाल होऊ शकतं आणि लोह फिकट हिरवट होऊ शकतं. लाकडाची राख भांड्यावर पडून स्वतःच वितळते आणि एक जादा थर देऊन जाते.

विजेच्या भट्टीत यातलं काही नाही. तारा तापतात, भांडी तापतात. हवा स्वच्छ आणि ऑक्सिजन भरपूर. त्यामुळे पुष्कळ जण म्हणतात, "विजेच्या भट्टीत मजा नाही, रंग सपाट येतात."

मित्रांनो, हे अर्धंच खरं आहे. जाळाची भट्टी काही गोष्टी आपोआप देते. विजेची भट्टी आपोआप काही देत नाही, पण सांगाल ते अचूक करते. म्हणून ज्वाळा जे देत होती ते आपल्याला दोन ठिकाणी द्यावं लागतं: थर लावताना आणि भट्टी थंड करताना. आमच्या पहिल्या भाजणीत आम्ही पहिली गोष्ट केली होती, दुसरी केलीच नव्हती.

४. मुंबईची जुनी भांडी काय सांगतात?

धूर-ज्वाळेशिवाय रंग खुलत नाहीत असं वाटत असेल तर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन या. हे संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथे बॉम्बे स्कूल ऑफ आर्टची, म्हणजे आजच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाची जुनी मातीची भांडी आहेत. १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी या कलाशिक्षकांनी तिथे कुंभारकाम सुरू केलं. सिंधमधल्या कुंभारांची ग्लेझ करण्याची पद्धत आणि अजिंठ्याच्या चित्रांतली नक्षी, असा मेळ त्या भांड्यांत दिसतो.

सिंधी पद्धत नीट समजून घ्या, कारण ती थरांचीच पद्धत आहे. खाली लाल माती. त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ हात. त्यावर कोबाल्ट आणि तांब्याने काढलेली नक्षी. सगळ्यांत वर पारदर्शक काच. प्रकाश वरच्या काचेतून आत जातो, पांढऱ्या थरावर आपटून परत येतो आणि वाटेत रंग घेऊन येतो. म्हणून तो निळा रंग खोल पाण्यासारखा दिसतो.

आणखी एक गंमत. त्या परंपरेतला प्रसिद्ध फिरोजी रंग तांब्याचा आहे. सोडा-पोटॅश भरपूर असलेल्या ग्लेझमध्ये, भरपूर ऑक्सिजन मिळाला की तांबं फिरोजी होतं. म्हणजे त्याला हवं असलेलं वातावरण आपल्या विजेच्या भट्टीत फुकट मिळतं!

महाराष्ट्रात या कामाची दुसरी जागा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं भद्रावती. तिथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाच्या माध्यमातून ग्रामीण कुंभारांसाठी चिनीमातीच्या कामाची वाट तयार केली.

५. साहित्य आणि प्रमाण

सूचना : आपल्या भागातली कुंभाराची लाल माती १२२० अंशाला टिकत नाही. ती फुगते किंवा बसते. म्हणून या पाठासाठी बाजारातली स्टोनवेअर माती घ्या. पहिली भाजणी साधारण १००० अंशाला करून घ्या.

मूळ ग्लेझ लक्षात ठेवायला सोपं आहे. पाच वस्तू, प्रत्येकी २० भाग:

- फेल्डस्पार – २०
- सिलिका – २०
- चिनीमाती – २०
- वोलॅस्टोनाइट – २०
- बोरॉन असलेली फ्रिट – २०

फ्रिट म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच. ती शिशाविरहित आहे ना, हे दुकानदाराला विचारूनच घ्या. फ्रिटचे प्रकार वेगवेगळे असतात, म्हणून आधी छोट्या तुकड्यावर चाचणी करायचीच.

आता या एकाच मिश्रणाचे तीन भाग करा:

- अ (आतलं ग्लेझ) : काहीही न घालता, पारदर्शक.
- ब (खालचा थर) : १०० ग्रॅमला ९ ग्रॅम लाल लोह ऑक्साइड. गडद तपकिरी.
- क (वरचा थर) : १०० ग्रॅमला ५ ग्रॅम रुटाइल. रुटाइल म्हणजे टायटॅनियमचं खनिज. फिकट, दुधाळ.

पाणी घालून ८० नंबरच्या चाळणीतून दोनदा गाळा. दाटपणा अंदाजाने ठरवू नका. प्रयोगशाळेतलं १०० मिलीचं मोजपात्र घ्या. १०० मिली ग्लेझचं वजन १४५ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. जास्त भरलं तर थर जाड बसेल, कमी भरलं तर पातळ.

काळजी : कोरडी पूड हाताळताना चांगला मास्क लावायचाच. सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते. टेबल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. भट्टी चालू असताना खोलीत हवा खेळती ठेवा.

६. थर कसे लावायचे?

१) भांडं ओल्या स्पंजने पुसून धूळ काढा. धुळीवर ग्लेझ धरत नाही.

२) आत 'अ' ओता, फिरवा, बाहेर काढा.

३) बाहेरून 'ब' मध्ये तीन सेकंद बुडवा. एक, दोन, तीन, आणि बाहेर. थर साधारण अर्धा मिलिमीटर हवा. टाचणीने टोचून बघता येतं.

४) ओलसर चमक गेली की लगेच 'क' चा हात द्या, पण फक्त वरच्या अर्ध्या भागाला. पहिला थर दोन-तीन दिवस वाळत ठेवलात तर दुसऱ्या थराच्या पाण्याने तो सुटतो, आणि भट्टीत ग्लेझ गोळा होऊन मधे उघडी माती दिसते.

५) दोन्ही थर मिळून एक मिलिमीटरच्या वर नको. तळापासून एक सेंटिमीटर जागा स्वच्छ पुसा. भांड्याखाली भाजक्या मातीची चकती ठेवा, म्हणजे ग्लेझ ओघळलं तरी भट्टीची फळी वाचेल.

वरचा थर खालीपर्यंत का नाही द्यायचा? कारण जिथे दोन थर येतात तिथे मिश्रण बदलतं आणि ते एकेकट्यापेक्षा जास्त पातळ होऊन वाहतं. वरून वाहत आलेल्या काचेला थांबायला खाली एकेरी थराची जागा लागते. बरणीच्या त्या रेषेवर हेच झालेलं असतं.

भांड्यावर आधीच रेघा, खाचा किंवा उठावाची नक्षी असेल तर उत्तम. उंचवट्यावरून काच सरकते, तिथे खालचा तपकिरी डोकावतो. खाचेत ती साठते, तिथे फिकट रंग दाट होतो. नक्षी आपोआप उठून दिसते.

७. खरी गोष्ट : सावकाश थंड करणं

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. आमचं काय चुकलं होतं?

मी भट्टी १२२० अंशाला नेली आणि बंद केली. छोटी भट्टी, पातळ भिंती, तापमान झपाट्याने उतरलं. वर मलाच धीर निघेना, म्हणून दुसऱ्या सकाळी २०० अंशाला झाकण उघडलं. थंड हवा आत गेली आणि "टिंग, टिंग" असा आवाज सुरू झाला. दोन वाडगे तडकले. चूक सर्वस्वी माझी होती.

तडा का गेला हे समजायला सोपं आहे. पण रंग सपाट का झाला?

घरी तूप कढवता ना? ते गरम असताना पाण्यासारखं एकसारखं पारदर्शक असतं. बरणी एकदम फ्रिजमध्ये ठेवली तर ते गुळगुळीत थिजतं. ओट्यावर हळूहळू निवू दिलं तर रवाळ होतं. तूप तेच, फरक फक्त थंड होण्याच्या वेळेचा.

ग्लेझचंही तेच आहे. १२२० अंशाला सगळं एकजीव वितळलेलं असतं. झटकन थंड झालं तर ते तसंच गोठतं: एकसारखी चकचकीत काच. सावकाश थंड झालं तर आत बारीक स्फटिक वाढायला वेळ मिळतो. लोहाचे तांबूस कण वर दिसू लागतात. टायटॅनियम आणि बोरॉनमुळे काचेचे अतिसूक्ष्म थेंब वेगळे होतात, प्रकाश विखुरतात आणि निळसर छटा येते. चुलीचा धूर उन्हाच्या तिरिपेत निळसर दिसतो ना, तसंच काहीसं.

तुमच्यापैकी ज्यांचे आई-वडील धाटावच्या एमआयडीसीत पाळीला जातात त्यांनी घरी एक प्रश्न विचारा: "बॅच घाईघाईने थंड केली तर स्फटिक कसे येतात?" उत्तर मिळेल, "बारीक." कारखान्यात तापमान चढवणं, धरणं आणि उतरवणं या तिन्ही गोष्टी ठरवून केल्या जातात. आपण फक्त चढवण्याकडे लक्ष देतो.

पुढच्या वेळी आम्ही तेच ग्लेझ, तीच माती घेतली आणि भाजणी अशी केली:

- ६०० अंशापर्यंत : ताशी १०० अंश
- ६०० ते ११२० : ताशी १५० अंश
- ११२० ते १२२० : ताशी ६० अंश
- १२२० ला : १५ मिनिटं स्थिर
- १०५० पर्यंत : भट्टी बंद, आपोआप उतरू द्या
- १०५० ते ८५० : ताशी ५० अंश, म्हणजे ४ तास
- त्यानंतर बंद. १०० अंशाच्या खाली येईपर्यंत झाकणाला हात नाही.

५७३ अंशाला सिलिकाचे कण आकार बदलतात. तिथून चढताना आणि उतरताना घाई केली तर तडा जाण्याचा धोका असतो.

भट्टीचा आकडा आणि भांड्याला बसलेली उष्णता यांत फरक पडू शकतो. म्हणून सहा नंबरचा मोजणीचा शंकू भांड्यांशेजारी ठेवा. तो वाकून टेकला म्हणजे भाजणी बरोबर झाली.

या वेळी वाडग्यांच्या काठावर मधासारखा तपकिरी होता, खाली दुधाळ पट्टे उतरले होते आणि मधल्या भागात निळसर ठिपके होते. तीच मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता दोन नाही सर, चार दिसतात."

पावसाळ्याबद्दल एक सूचना. आपल्याकडे जून-जुलैमध्ये वीज जाते. १२२० ला वीज गेली तर भट्टी आपोआप झपाट्याने थंड होते आणि तुमचे चार तास बुडतात. शक्यतो पाऊस ओसरल्यावर भट्टी लावा. वीज गेलीच तर झाकण उघडू नका. भांडी फुकट जात नाहीत. तीच पुन्हा भाजून सावकाश थंड करता येतात.

८. सुंदर आहे, पण त्यात जेवायचं का?

हा भाग कृपया वगळू नका.

मुलं पहिलं चांगलं भांडं आजीला नेऊन देतात आणि आजी त्यात लोणचं भरते. कैरी, लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ ही सगळी आंबट. काच नीट बनली नसेल तर आंबट पदार्थ तिच्यातले धातू ओढून बाहेर काढतात. जिथे दोन थर एकमेकांत मिसळतात तिथे मिश्रण आपण मोजलेलं नसतं, आणि आपल्याला आवडणारा रवाळपणा पृष्ठभाग कमी टिकाऊ करू शकतो. तांबं जास्त असलेल्या ग्लेझबाबत तर विशेष जपायचं. वर सांगितलेला फिरोजी रंगही म्हणून शोभेच्या भांड्यालाच बरा.

म्हणून आमचा नियम साधा आहे: थरांची गंमत बाहेरून, आत फक्त 'अ'. ओठ लागतो त्या काठालाही शक्यतो 'अ'च.

घरगुती चाचणी : लिंबाची फोड ग्लेझवर रात्रभर ठेवा. सकाळी धुऊन बघा. तिथे रंग उतरला किंवा चमक गेली तर ते भांडं फुलांसाठी. काही बदल दिसला नाही तरी ही प्राथमिक चाचणीच आहे. विकायची भांडी असतील तर प्रयोगशाळेतून तपासून घ्यावीत.

रासायनिक कारखान्यांत आतून काचेचा थर दिलेले पोलादी रिॲक्टर वापरतात, ते आम्ल झेलण्यासाठीच. चांगली काच आम्लाला दाद देत नाही. आपल्या वाडग्याच्या आतल्या काचेकडूनही हीच अपेक्षा आहे.

थोडक्यात

- विजेच्या भट्टीत रंग सपाट येतो तो भट्टीमुळे नाही, घाईमुळे.
- थर मोजून द्या, वरचा थर अर्ध्यातच थांबवा.
- १०५० ते ८५० अंश हा टप्पा सावकाश उतरवा.
- थर बाहेर, साधी काच आत.

स्वाध्याय

१) वीजभट्टी ६ किलोवॅटची आहे. एका भाजणीत तारा एकूण ९ तास चालू राहिल्या, तर किती युनिट वीज लागली? तुमच्या घरच्या बिलातला दर घेऊन खर्च काढा आणि १८ वाडग्यांत वाटा.

२) १०५० ते ८५० अंश हा टप्पा ताशी ८० अंशाने उतरवला तर किती वेळ लागेल? रंगात काय फरक पडेल असं वाटतं? कारण लिहा.

३) रवाळ तूप आणि ग्लेझ यांतलं साम्य तीन वाक्यांत सांगा.

उपक्रम

रायगड भाताचा जिल्हा. भाताच्या तुसाची पांढरी होईपर्यंत जाळलेली राख जवळजवळ ९० टक्के सिलिका असते. मूळ ग्लेझमधल्या २० भाग सिलिकेऐवजी ही राख धुऊन, गाळून, वाळवून घाला. दुसऱ्या मिश्रणात फेल्डस्पारऐवजी खडी क्रशरवरची काळ्या दगडाची बारीक भुकटी घाला. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात लोह असतंच आणि थोडं टायटॅनियमही असतं. पाच-पाच छोटे तुकडे करा, प्रत्येकामागे खडूने नाही, लोह ऑक्साइडने क्रमांक लिहा (खडूचे आकडे भट्टीत टिकत नाहीत!). काय घातलं, किती जाड लावलं, किती वेळात थंड केलं हे वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आणि भट्टी उघडायची घाई करू नका. ती चूक तुमच्या सरांनी तुमच्या वतीने आधीच करून ठेवली आहे.